मेथी निवडताना

शनिवार, रात्र. लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा, तिसरा आठवडा.

आज ताईंकडे जाऊन आले. नऊ दिवस जायचं जायचं म्हणत होते.

झालं ते असं. मागच्या आठवड्यात गुरुवारी महिला मंडळाची प्रार्थना आटोपली आणि आम्ही चार-पाच जणी कपबशा विसळत होतो. ताई दोन महिने गाण्याच्या सरावाला आल्या नव्हत्या. त्यांचा विषय निघाला तशी मी म्हणाले, "आता कशाला येतील? मुलगा कॅनडाला गेलाय. आता आपण कोण त्यांच्या लेखी!" सगळ्या हसल्या, मीही हसले. कप पुसून फडताळात ठेवले आणि घरी आले. मंगळवारी भाजी घेताना एका ओळखीच्या बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "कळलं का, ताईंनी आपलं चर्च सोडलं म्हणे. मुलाच्या पैशावर फार चढल्यात."

माझंच वाक्य होतं ते. पाच दिवसांत त्याला हातपाय फुटले होते, आणि ते मुळात कुणाचं हे सांगणारीलाही ठाऊक नव्हतं. मी फक्त "हो का?" म्हणाले. त्या "हो का"ची मला पहिल्या वाक्यापेक्षा जास्त लाज वाटते.

रात्री स्वतःची समजूत घालत बसले. खोटं तर बोलले नाही. मुलगा गेलाय, ताई येत नाहीत, दोन्ही खरंच. एवढ्याशा बोलण्याला काय पाप म्हणायचं? आमच्या प्रोटेस्टंट घरात पापाचे लहान-मोठे वर्ग नव्हते. पाप ते पाप, आणि क्षमा ती कृपा. कॅथलिक परंपरेत मात्र दोन प्रकार मानतात. एक देवाशी असलेलं नातंच तोडणारं, दुसरं त्या नात्याला इजा करणारं, पण न तोडणारं. या दुसऱ्याला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्याचं मूळ 'क्षमा' या अर्थाचं आहे. त्या रात्री मला तो शब्द फार सोयीचा वाटला. पण हेच लोक ज्यांना गुरू मानतात त्या ऑगस्टीनने बजावून ठेवलंय की लहान पापं वजनाला हलकी वाटत असतील, तर ती मोजून बघा आणि मग भ्या. थेंबाथेंबानेच नदी भरते. मी मोजायला लागले. पहिल्या वीस-पंचवीसनंतर थांबले.

सात मुख्य पापांची यादी आपण सगळे ऐकून असतो. तिची सुरुवात चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात झाली. एव्हाग्रियस नावाच्या तपस्व्याने आठ गोष्टी सांगितल्या आणि त्यांना पापं न म्हणता 'विचार' म्हटलं. मनाच्या दारात येऊन उभे राहणारे विचार. हे मला फार खरं वाटतं. कपबशा विसळताना तो विचार माझ्या दारात आलाच होता आणि मी त्याला आत घेऊन वर बसायला पाट दिला. पुढे ५९० साली पोप झालेल्या थोर ग्रेगरीने बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकावरच्या भाष्यात आठाचे सात केले, गर्वाला सगळ्यांचं मूळ ठरवलं, आणि त्याच ठिकाणी प्रत्येक दुर्गुणाची संतती सांगितली. मत्सराच्या पोटी कोण जन्मतं? द्वेष, कुजबुज, पाठीमागे केलेली निंदा, शेजाऱ्याच्या दुःखाचा आनंद आणि त्याच्या भरभराटीचं दुःख.

शेवटच्या शब्दांवर मी अडकले. भरभराटीचं दुःख.

माझ्या मुलाचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. हे मी कुठे बोलत नाही. ताईंच्या मुलाचा पहिल्या फटक्यात झाला तेव्हा मीच पेढे वाटायला पुढे होते, आणि घरी येऊन भांडी आपटली होती. म्हणजे ते वाक्य त्या गुरुवारी सुचलेलं नव्हतं. वर्षभर आत होतं. आपल्या षड्रिपूंच्या यादीतही मत्सर सगळ्यात शेवटी येतो, आणि मला वाटतं सापडतोही शेवटीच, कारण तो दुसऱ्या कुणाचे तरी कपडे घालून येतो. माझा आला तो विनोदाचे कपडे घालून.

ताईंचं घर पुण्यात नाना पेठेत. जाताना गुरुवार पेठेतून, पंचहौदावरून गेले. ते उंच घंटाघर दिसलं की मला नेहमी १८९० सालचा चहा आठवतो. टिळक, रानडे अशी मंडळी तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये गेली, पुढे आलेला चहा काहींनी घेतला, आणि सनातन्यांनी गाव डोक्यावर घेतलं. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. आजवर मी या गोष्टीत चहाच बघत आले. आज आठवलं की डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी नावं वर्तमानपत्रात छापून आणली म्हणून तो चहा गावभर झाला. प्रभू म्हणतो की तोंडात जातं ते माणसाला विटाळवत नाही, तोंडातून निघतं ते विटाळवतं. हे वचन मी लहानपणापासून पाठ म्हणते. ते माझ्याविषयी आहे असं कधी वाटलं नव्हतं.

मध्ययुगातला कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणतो की कुणाची अब्रू घेतली तर ती परत करावी लागते, चोरलेली वस्तू परत करावी तशी. आमच्या उपासनेत दर रविवारी सगळे मिळून पापांगीकार म्हणतात. त्या एका सुरात माझा आवाजही असतो आणि तो मनापासून असतो. पण त्या आवाजाने ताईंचं काय परत येणार होतं?

ताई चटईवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, नाहीतर धीर सुटला असता. सगळं सांगितलं, व्हिसाचंही. त्या पानं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या कानावर आलं होतं. कुणी म्हटलं ते नव्हतं कळलं." थोड्या वेळाने एक जुडी माझ्याकडे सरकवली, "बस. मुळं नीट काढ, माती फार आहे." आम्ही दोघी निवडत बसलो. कोवळे देठ त्या ठेवत होत्या, मी टाकत होते. त्यांनी न बोलता माझ्या ढिगातून ते परत उचलले.

सरावाला का येत नाहीत, ते त्यांनी नंतर आपणहून सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे. बाकीचं त्यांना विचारून लिहिते आहे. माझ्या वाक्यातलं काहीच त्यात नव्हतं.

"माफ केलं" असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

गुरुवारी मंडळात, त्याच जणींसमोर, ते वाक्य माझं होतं आणि मत्सरातून आलं होतं हे सांगायचं आहे. त्याआधी उद्या उपासनेनंतर भाजी घेताना भेटलेल्या बाईला गाठायचं. तिने ते पुढे कुणाकुणाला सांगितलं तेही विचारून घ्यायचं.