तुम्ही विचारलंत म्हणून: फिल्म की डिजिटल?

माझ्या हातात फिल्मचा कॅमेरा दिसला की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. "फिल्मवर फोटो खरंच चांगले येतात का हो?" आणि "मला शिकायचंय, तर यावरच सुरुवात करू का?" दर वेळी उभ्याउभ्या अर्धंमुर्धं काहीतरी सांगते. आज नीट सांगते.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. शिकायचं असेल तर डिजिटलच घ्या. फिल्म शिस्त लावते असं म्हणतात आणि ते खरंही आहे. ३६ फोटोंचा रोल असला की बोट आपोआप आवरतं. पण शिस्त वेगळी आणि समज वेगळी. चूक समोर दिसली तरच ती कशाने झाली हे उमगतं. रोल धुऊन हाती येईपर्यंत अकराव्या फोटोला ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं तोंड, किती उघडं ठेवलं होतं, हे कुणाच्या लक्षात राहतं? मी वहीत नोंदी करायचे, तरी निम्म्या राहून जायच्या. डिजिटलवर फोटो काढायचा, पाहायचा, शटरचा वेग बदलून पुन्हा काढायचा. एका दुपारी हात बसतो. शिवाय फिल्मचा आयएसओ, म्हणजे ती किती कमी उजेडात चालते याचं माप, रोल चढवतानाच ठरून जातो. उजेड उतरला तरी तोच धरून बसावं लागतं.

आता पहिला प्रश्न. बारीक तपशील कशात जास्त येतो, या वादात मी पडत नाही. पहिला मानला जाणारा डिजिटल कॅमेरा स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये कोडॅकमध्ये बनवला. त्यात जेमतेम १०,००० पिक्सेल होते आणि एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे. आज ज्यांचा सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी उजेड टिपणारा भाग, ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असतो असे चांगले कॅमेरे तपशिलात त्या फिल्मला सहज मागे टाकतात.

मग मी फिल्म का वापरते? लख्ख उजेडासाठी.

एकदा खिडकीपाशी बसलेल्या मैत्रिणीचे दोन्ही कॅमेऱ्यांवर फोटो काढले. मागे पांढरा पडदा होता आणि त्यावर थेट ऊन. चेहऱ्याला नीट उजेड मिळेल असं मोजमाप दोन्हीकडे ठेवलं. डिजिटलमध्ये चेहरा सुरेख आला, पण पडद्याच्या जागी नुसतं पांढरं ठिगळ. फिल्मच्या निगेटिव्हवरून केलेल्या प्रिंटमध्ये मात्र पडद्याची चुणी न् चुणी होती, अगदी शिवणीची ओळसुद्धा.

याचं कारण सोपं आहे. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल उजेडाचं एक भांडं समजा. ते सरळ हिशेबात भरत जातं आणि काठोकाठ झालं की पुढचं सगळं वाया. निगेटिव्ह फिल्मवर चांदीच्या क्षारांचे लहानमोठे कण असतात. थोड्या उजेडात मोठे कण आधी काम करतात, लहानांना जास्त उजेड लागतो. त्यामुळे उजेड वाढत गेला तरी छटा एकदम संपत नाहीत, हळूहळू विरत जातात. सावलीत मात्र उलटं होतं. जिथे फिल्मवर उजेड पोचलाच नाही तिथे काही उमटत नाही, आणि नंतर कितीही खटपट केली तरी तिथून काही निघत नाही. डिजिटलमधून तीच सावली आश्चर्य वाटावं इतकी वर काढता येते. म्हणून निगेटिव्हवर मी सावली मोजते आणि डिजिटलवर उजळ भाग जपते. (स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खरं चित्र उमटतं ती, याला अपवाद. तीही उजळ भाग फार सोसत नाही.)

एवढं ऐकूनही फिल्मची ओढ वाटत असेल तर जरूर घ्या, फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. माझा एक अख्खा रोल कोरा निघाला होता. फिल्म धुण्याच्या टाकीतून काढून उजेडात धरला, तर सुरुवातीचा काळा तुकडा सोडला तर सगळी फिल्म काचेसारखी स्वच्छ. कडेला छापलेले आकडे मात्र ठळक उमटले होते, म्हणजे रसायनांचा दोष नव्हता. फिल्मचं टोक कॅमेऱ्यातल्या रिळात अडकलंच नव्हतं. मी फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर ओढत होते, फोटोंचा आकडा पुढे जात होता आणि फिल्म जागची हलत नव्हती. त्या फोटोंमध्ये एका म्हाताऱ्या बाईंचे हात होते, लोकर गुंडाळताना. त्या आता नाहीत. ते हात मला अजून दिसतात.

तेव्हा रोल चढवल्यावर रिवाइंडची, म्हणजे फिल्म परत डबीत गुंडाळायची, कळ हलकेच फिरवून आतली ढिली फिल्म ताणून घ्या आणि मग लिव्हर ओढा. ओढताना ती कळ आपोआप उलटी फिरली पाहिजे. नाही फिरली, तर तिथेच थांबा, झाकण उघडा आणि फिल्मचं टोक पुन्हा अडकवा. सुरुवातीची दोन-चार बोटं फिल्म वाया जाईल, जाऊ द्या.