३२५ क्रमांकाचं कपाट

बुधवार, रात्री साडेदहा. जर्सी सिटी.

आज हार्लेमला जाऊन आले. पाय भरून आलेत, पण हे आत्ताच लिहून काढलं नाही तर उद्या नातीच्या मागे धावताना अर्धं विसरून जाईन.

लेकीला रजा नव्हती म्हणून एकटीच निघाले. पाथ रेल्वेने चौदाव्या रस्त्यापर्यंत, तिथून दोन नंबरची मेट्रो, ती थेट १३५व्या रस्त्याला. जिना चढून वर आलं की एका अंगाला हार्लेम हॉस्पिटल आणि समोर विटांची इमारत. शॉम्बर्ग सेंटर. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचं हे संशोधन ग्रंथालय फक्त काळ्या माणसांच्या इतिहासाचं आणि संस्कृतीचं आहे. पुस्तकं, पत्रं, फोटो, ध्वनिमुद्रणं, चित्रं मिळून एक कोटी दहा लाखांच्या वर वस्तू आहेत तिथे. मी एकतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. न्यूयॉर्कला येण्याआधीपासून माझ्या यादीत हे नाव पहिलं होतं.

दालनात पाऊल टाकणार एवढ्यात थबकले. जमिनीवर पितळी रेषांनी आखलेलं मोठं वर्तुळ आहे, त्यात नद्या वाहताना दाखवल्या आहेत आणि मधोमध लँग्स्टन ह्यूज यांच्या कवितेची ओळ कोरली आहे. माझा आत्मा नद्यांसारखा खोल होत गेला, असा तिचा अर्थ. ही कविता त्यांना मिसिसिपीवरून आगगाडी जात असताना सुचली, शाळा नुकतीच संपलेली होती तेव्हा. ते १९६७ साली गेले. त्यांच्या अस्थी या वर्तुळाखाली आहेत, १९९१ पासून.

मी कडेकडेने जायला लागले. चैत्यभूमीवर चपला काढून तासन् तास रांगेत उभं राहिलेली माणसं आम्ही, अस्थींवरून चालणार कशा? दारावरचा रखवालदार बघत होता. म्हणाला, चाला ना मॅडम, ज्या दिवशी हे सुरू झालं त्या दिवशी लोक याच्यावर नाचले होते. खरंच आहे ते. माया अँजेलो आणि अमिरी बराका हे दोघे काळे कवी त्या दिवशी इथे नाचले, त्याचा फोटो मी पाहिला होता. तरीही मी कडेनेच गेले. पण जाताना मला वाईट वाटत नव्हतं. आपल्या कवीला ग्रंथालयाच्या उंबऱ्यात ठेवायचं आणि वरून रोज शाळेची पोरं, संशोधक, म्हातारी माणसं जाऊ द्यायची, हे मला फार आवडलं.

ज्यांचं नाव या इमारतीला आहे ते ना प्राध्यापक होते ना धनवान. आर्तुरो शॉम्बर्ग. जन्म १८७४, प्वेर्तो रिको. लहानपणी शाळेत त्यांना सांगण्यात आलं की काळ्या लोकांना इतिहास नाही, त्यांच्यात थोर कुणी झालं नाही. ही गोष्ट ते पुढे स्वतःच सांगत. सतराव्या वर्षी, १८९१ साली, ते न्यूयॉर्कला आले. बरीच वर्षं एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी केली आणि पगारातले पैसे जुन्या पुस्तकांवर घातले. बोस्टनमध्ये गुलाम असलेल्या फिलिस व्हीटली या मुलीचा कवितासंग्रह १७७३ साली लंडनमध्ये छापला गेला होता, तो त्यांनी मिळवला. असं एकेक करत ब्रुकलिनचं घर भरलं. १९२६ साली कार्नेगी कॉर्पोरेशनने दहा हजार डॉलर दिले आणि ग्रंथालयाने तो संग्रह विकत घेतला: पाच हजारांवर पुस्तकं, तीन हजार हस्तलिखितं, दोन हजार चित्रं नि छापचित्रं, आणि कित्येक हजार चोपडी, म्हणजे पातळ पुस्तिका.

त्या पैशांतून शॉम्बर्ग यांनी काय केलं? युरोप गाठलं, अजून शोधायला. सेव्हिलच्या दफ्तरखान्यात बसले, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात ह्वान दे पारेहा या चित्रकाराचं चित्र शोधून काढून पाहिलं. पारेहा हा नामवंत स्पॅनिश चित्रकार वेलास्केसचा गुलाम, त्याच्या चित्रशाळेत राबणारा, आणि पुढे स्वतः चित्रकार झालेला. वेलास्केसने काढलेलं त्याचं चित्र इथल्या मेट म्युझियममध्ये आहे, त्यापुढे गर्दी असते. पण पारेहाने स्वतः काय रंगवलं हे बघायला १९२६ साली बँकेतला एक कारकून समुद्र ओलांडून गेला. मला ही गोष्ट वाचल्यापासून विसरता येत नाही.

आणि ती चोपडी! पातळ कागदाची, टाचणी गंजलेली, सभेत वाटलेली, चर्चमध्ये विकलेली. कुठल्याही ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत अशा गोष्टींना रकाना नसतो. शॉम्बर्ग यांनी ती पुस्तकांइतकीच जपली.

इथे मला दादांची पेटी आठवली. माझे वडील. पत्र्याची हिरवी पेटी होती, तिच्यात सहा डिसेंबरला मुंबईहून आणलेल्या पुस्तिका, जयंतीची हँडबिलं, जलशातल्या गाण्यांची त्यांच्या हाताने लिहिलेली वही. १९९४ साली घर पाडून बांधायला काढलं तेव्हा ती पेटी मी रद्दीत दिली. मी, शिकलेली ग्रंथपाल! कागद पिवळे पडले होते, कोपरे वाळवीने खाल्ले होते, आणि मला वाटलं की ही गाणी तर सगळ्यांना पाठ आहेत. पाठ असणारी माणसं एकेक करून गेली. दादा काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी रद्दीवाल्याकडे जाऊन आले आणि रिकाम्या हाताने परत आले.

वर वाचनकक्षात बराच वेळ बसले. हस्तलिखितं बघायची तर आधी वेळ ठरवावी लागते, ती मी ठरवली नव्हती. लेखक जेम्स बाल्डविन लहान असताना याच शाखेत येऊन कपाटंच्या कपाटं वाचून काढायचे. आता त्यांचे कागद इथे आहेत, २०१७ पासून. ऐरन डग्लस यांनी १९३४ साली या ग्रंथालयासाठी केलेली चार मोठी चित्रं आहेत. त्यातल्या एकात प्रचंड दातेरी चाकावर एक माणूस सॅक्सोफोन उंच धरून उभा आहे आणि इमारतींच्या फटीतून दूर, अगदी लहानसा, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. ती केवढी लांब दाखवलीय!

मग नेहमीच्या सवयीने पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक बघत बसले. डोरोथी पोर्टर आठवल्या. त्या वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठाच्या ग्रंथपाल, १९३० पासून. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्युईच्या पद्धतीत काळ्या माणसांसाठी त्यांना दोनच जागा दिसल्या: ३२६, म्हणजे गुलामगिरी, आणि ३२५, म्हणजे वसाहती आणि स्थलांतर. काळ्या कवीने कविता लिहिली तरी इतर ग्रंथालयं ती ३२५ मध्ये टाकत. पोर्टरबाईंनी ते मानलं नाही. कविता कवितेत लावली, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे दलित आत्मकथनं समाजशास्त्राच्या कपाटात होती, ३०५ मध्ये. का, असं विचारलं तर उत्तर मिळालं की त्यात समाजाची माहिती असते. मराठी वाङ्मयाचा क्रमांक ८९१.४६, त्या कपाटात इतर सगळ्यांची चरित्रं, आत्मचरित्रं होती. एम.ए. मराठीची मुलं तिथे जायची आणि तिथूनच परत यायची. मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पुस्तकं काढली, जुनी लेबलं ओल्या फडक्याने भिजवून सोडवली, नवे क्रमांक लिहिले, सूचीतली कार्डं बदलली. कुणाला विचारलं नाही. तेव्हा मला पोर्टरबाईंचं नावही माहीत नव्हतं. ते कळलं असतं तर त्या उन्हाळ्यात इतकं एकटं वाटलं नसतं.

निघायच्या आधी संदर्भ विभागाच्या टेबलाशी गेले. तिथे माझ्याच वयाची बाई होती, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. मी ग्रंथपाल आहे म्हटल्यावर खुर्ची पुढे केली. कुठून आलात? मी म्हटलं, महाराष्ट्रातून, मलिक अंबरने वसवलेल्या गावातून. मला वाटलं होतं समजावून सांगावं लागेल. ती चटकन उठून उभीच राहिली. "अंबर! तुमचं गाव अंबरचं?"

या सेंटरने २०१३ साली भारतातल्या आफ्रिकी माणसांवर प्रदर्शन भरवलं होतं, गुलाम म्हणून आलेले आणि सेनापती, राज्यकर्ते झालेले. त्यात अंबरही होता. इथिओपियात जन्मलेला, पुन्हा पुन्हा विकला जात दख्खनला पोचलेला, निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला आणि मुघलांना जेरीस आणलेला. आम्ही शाळेत गनिमी काव्यासाठी त्याचं नाव पाठ केलं, आणि १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली म्हणून. तो हबशी होता हे पुस्तकात एका शब्दात होतं. तो शब्द मला त्या बाईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा पूर्ण दिसला.

मग मी तिला जोतीरावांबद्दल सांगितलं. १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे, त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त केलं म्हणून. आणि बाबासाहेब १९१३ ते १९१६ इथून जवळच, कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेही. १९४६ साली त्यांनी काळे अमेरिकन विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे काळ्या लोकांनी दिलेल्या अर्जाची प्रत मागवली होती, हे तिला ठाऊक होतं. तिने ते मला सांगितलं, मी तिला नाही.

शेवटी मोबाईलमधला एक फोटो दाखवला, गेल्या चौदा एप्रिलचा. भडकल दरवाजा, आणि त्याच्यासमोर बाबासाहेबांचा पुतळा, हारांनी झाकलेला. दरवाजा कुणाचा, म्हणाली. मी म्हटलं, अंबरने बांधला, १६१२ साली. आणि पुतळा? तोही सांगितला. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी कमान पाहिली, मग पुतळा, मग खाली निळे झेंडे घेतलेली पोरं, आणि परत कमान.

ही दोघं एकाच चौकात आहेत? तिने विचारलं.

हो, म्हटलं. आमच्याकडे जयंतीला सगळे तिथेच जमतात.

तिने टेबलावरची चिठ्ठी ओढली, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाली, त्या दरवाजाचं नाव तुमच्या लिपीत लिहून द्या, मला हवंय. मी मोठ्या अक्षरांत 'भडकल' लिहिलं. तिने ते हळूच म्हणून पाहिलं. 'भ' तिला जमेना, तीनदा म्हणाली.