मेरिनो घरी ठेवा

लोकर कातणं शिकायला आलेल्या पोरी पहिलं हेच विचारतात, "मावशी, मऊ लोकर नाही का?" एखादी तर ऑनलाइन मागवलेली मेरिनो, म्हणजे परदेशी जातीच्या मेंढीची मऊ लोकर, पिशवीत घेऊनच येते. मी हात लावून बघते, छान आहे म्हणते आणि परत ठेवायला लावते. तिच्यावरच शिकायचं तर माझ्याकडं कशाला यायचं?

माझ्याकडं असते ती दख्खनी मेंढीची. काळी, राठ, टोचणारी. मेंढरं ओढ्यावर धुऊन मग कात्रीनं कातरतात, वर्षातून दोनदा, तरी एका मेंढरामागं वर्षाकाठी किलोभरही निघत नाही. कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ. तेवढी मात्र खरंच मऊ. जावळाचं घोंगडं महाग पडतं ते म्हणूनच. शिकाऊ हातात मी ती देत नाही, उगाच नासाडी.

कातण्यातलं सगळं कसब डाव्या हाताचं. चरख्याचं चाक काय, कुणीही फिरवेल. डावा हात पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची वळी, धरून मागं सरकतो आणि चिमटीतून केस सुटत जातात. चिमूट आवळली की धागा तुटला, ढिली पडली की जाडा गठ्ठा आत गेलाच. राठ लोकरीत हे बोटाला लगेच कळतं.

ताण्याचं, म्हणजे मागावरचं उभं सूत पिळदार हवं, बाण्याचं, म्हणजे आडवं, जरा सैल चालतं. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, पण मागावरची ओढ शेवटी पिळालाच सोसावी लागते. विणणारे सनगर सूत ओढून बघतात. तुटलं की परत. त्यांच्याशी वाद घालू नये, बरोबर असतात.

आता लोकरच कमी येते. भाव मटणाला आहे. लोकर विकून कातरायची मजुरी सुटत नाही. मग कळपात माडग्याळ या मटणाच्या जातीचे नर सोडतात. पैदास थोराड, लोकर नावाला. त्यावरून धनगरांना नावं ठेवणारे शहरातले लोक भेटले की माझं डोकं फिरतं. आधी एक घोंगडं विकत घ्या, मग बोला.

नवीन वर्ग दिवाळीनंतर. नखं कापून या, पांढरे कपडे नकोत. दम्याचा त्रास असेल त्यांनी पिंजायच्या दिवशी येऊ नये, थेट कातायला या. टकळी नसली तरी चालेल, माझ्याकडं जास्तीच्या आहेत.