मांडी घालता आली पाहिजे

गुडघ्याखालचा कृत्रिम पाय बनवताना सॉकेटची, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या पेल्याची, मागची कड किती खाली उतरवायची, हे मी गेली बारा वर्षं ठरवत आलेय. कड उंच ठेवली की स्टंपला, म्हणजे त्या उरलेल्या पायाला, आधार चांगला मिळतो. खाली घेतली की गुडघा जास्त वाकतो. पेन्सिलीनं रेघ मारायला मला एरवी दहा सेकंदही लागत नाहीत. २०१८ च्या डिसेंबरात तरावाला मारलेली एक रेघ मात्र अजून डोक्यातून जात नाही.

तरावा म्हणजे प्रशांत महासागरातलं कंकणाकृती प्रवाळबेट, किरिबाटी देशाची राजधानी. लिहायचं किरिबाटी आणि म्हणायचं किरिबास, कारण तिथल्या भाषेत 'ति'चा 'स' होतो. त्याच देशात दूर पूर्वेला किरितिमाती नावाचं बेट आहे, त्याचा उच्चार किरिसमास. कॅप्टन कुक १७७७ साली नाताळच्या आदल्या दिवशी तिथे पोचला, म्हणून हे नाव. दक्षिण तरावा ही जमिनीची चिंचोळी पट्टी. एकच मोठा रस्ता, एका हाताला शांत लगून, म्हणजे प्रवाळानं वेढलेलं पाणी, दुसऱ्या हाताला उघडा समुद्र, आणि बहुतेक जमीन समुद्राच्या वर जेमतेम दोन-तीन मीटर. मी तिथे सहा महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून गेले होते. पाय बनवायचे आणि तिथल्या तंत्रज्ञांना शिकवायचं, असं काम.

पाय का लागतात? मधुमेह. शेतीला माती नाही, म्हणून तांदूळ, मैदा, साखर सगळं जहाजानं येतं. माणसं अनवाणी चालतात, पायाची संवेदना गेलेली असते, प्रवाळाचा तुकडा रुतलेला कळत नाही. जखम दाखवायला येईपर्यंत उशीर झालेला असतो. मुंबईत आमच्याकडे रेल्वे अपघातातले तरुण येतात. तिथे माझ्यापुढे बसायची ती पन्नाशीतली, नातवंडं असलेली माणसं.

बाहेरच्यांना कळणार नाही अशी गोष्ट म्हणजे, तिथे माझा निम्मा वेळ प्लास्टर कोरडं ठेवण्यात जायचा. त्या दमट हवेत पीओपीची बँडेजं डब्यातल्या डब्यात मरतात. पाण्यात बुडवली की घट्ट व्हायच्याऐवजी दह्यासारखी ओघळतात. आम्ही ती तांदळाच्या पिशवीत पुरून ठेवायचो. सॉकेटसाठीचा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा, पत्रा भट्टीत काचेसारखा पारदर्शक झाला की तेवढ्याच क्षणी मोल्डवर, स्टंपच्या प्लास्टरच्या साच्यावर, ओढायचा असतो, आणि वीज जायची नेमकी तेव्हाच. असे दोन पत्रे वाया गेले. पुढचे पत्रे जहाजातून यायला सहा आठवडे. वापरलेल्या पायांची खोकी दान म्हणून पाठवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: पाठवण्याआधी उघडून बघा. आम्हाला आलेल्या एका खोक्यात सगळी उजवीच पावलं होती.

ते आले नोव्हेंबरच्या शेवटी. वय चौपन्न. तरावावरच्याच बेतिओच्या मरीन ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकून जर्मन कंपन्यांच्या मालवाहू जहाजांवर वीस वर्षं काढलेली, शेवटी बोसन, म्हणजे खलाशांचे मुकादम, झालेले. आमच्या दाभोळकडे बोसनला सारंग म्हणतात, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना सारंगकाका म्हणायला लागले. मी मुंबईची म्हटल्यावर त्यांनी लगेच विचारलं, "न्हावाशेवा?" आणि तिथे टपरीवर प्यायलेल्या चहाचं वर्णन केलं. माझ्या नावाआधी ते आदरानं 'नेई' लावायचे. डावा पाय ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेला होता. जखम भरली होती, पण स्टंपची सूज अजून उतरत होती.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. किती चालणार, घर कसं आहे, मासेमारी करणार का. त्यांनी हात वर केला.

"चालायला कुबड्या आहेत, नेई. मला बसायचंय. नाताळात, मनेआबात."

मनेआबा म्हणजे गावाची किंवा चर्चची बैठकीची जागा. प्रचंड छप्पर, भिंती नाहीत, पागोळ्या इतक्या खाली की आत शिरताना वाकावंच लागतं. जुन्या रीतीप्रमाणे प्रत्येक कुळाची तिथे बसायची ठरलेली जागा असते, तिला 'बोती' म्हणतात. चटईवर मांडी घालून बसायचं. कुणाच्या दिशेनं पाय पसरणं हा अपमान, आणि वडीलधाऱ्यांच्या समोरून जाताना कमरेत वाकून जायचं. पाय गेल्यावर काकांनी तिथे बसून पाहिलं होतं. एका मांडीवर तोल राहीना, ते मागे कलायचे आणि स्टंप समोरच्या म्हाताऱ्यांकडे रोखल्यासारखा पुढे यायचा. नंतरच्या दोन कार्यक्रमांना ते बाहेर, स्वयंपाक करणाऱ्यांच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. वडिलांची जागा आत, खांबाजवळ रिकामी.

पाय वापरणाऱ्यांची प्रगती मोजायचे जे तक्ते मी भरते, त्यांत किती मीटर चाललात, किती जिने चढलात हे असतं. मांडीचा रकाना नसतो. आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक पेशंट मला पहिल्या भेटीत हेच विचारतो, पंगतीत बसता येईल का, पूजेला बसता येईल का. १९६८ मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवलं ते याच गरजेतून. ते पाऊल वळतं, म्हणून मांडी जमते, उकिडवं बसता येतं. तरावाला आमच्याकडे होतं ते ताठ पाऊल. चालायला उत्तम, मांडीला नालायक.

मग जे हातात होतं त्यात खेळ केला, आणि या कामाचा मला अजूनही अभिमान आहे. गुडघ्याच्या हाडांना धरून राहणाऱ्या उंच कडा काढून टाकल्या आणि पाय मांडीवरच्या पट्ट्यानं पेलला. मागची कड इतकी खाली घेतली की मला हे काम शिकवणारे हाजी अलीचे सर असते तर त्यांनी मोल्ड परत करायला लावला असता. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या कंडरांसाठी दोन्ही बाजूंना खोल खाचा दिल्या. पाऊल नेहमीपेक्षा थोडं बाहेर वळवून बसवलं. चालताना तोल कमी, काठी हवीच, पण गुडघा मिटला. राहिली एक जागा: गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाची गाठ लागते तिथली. मांडी घातली की सगळा भार जमिनीवर तिथेच येतो.

पाय तयार झाला २१ डिसेंबरला, शुक्रवारी. आणि शनिवारपासून सगळं बेट बंद. तिथे नाताळ म्हणजे एक दिवस नसतो. चर्चचे गट आठवडाआठवडा गाण्याच्या तालमी करतात आणि नाताळापासून नव्या वर्षापर्यंत जणू मनेआबातच राहतात. नवा पाय पहिल्या दिवशी अर्धा तास घालायचा, काढायचा, कातडी बघायची, मग हळूहळू वेळ वाढवायचा, असा नियम. मधुमेह्याला तर दुप्पट काटेकोर. पाय जानेवारीत द्यायचा की आत्ता? मी आत्ता दिला. अट घातली: दोन तास, मग काढायचा.

त्याच संध्याकाळी चर्चचा तरुण गट केंद्रात आला. मनेआबापर्यंत रस्त्यापासून चाळीस पावलं सुटी प्रवाळखडी होती, नव्या पायाला धोक्याची. वाट किती रुंद हवी, चढ किती चालेल, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. तालीम संपल्यावर रात्री मुलांनी खडी ओढून सारखी केली, मुलींनी झाडली, जुन्या होडीची प्लायवूड आणून अंथरली. रविवारी पावसानं निम्मं वाहून गेलं, ते त्यांनी पुन्हा केलं. रॅम्पची फाइल दोन-दोन वर्षं टेबलावरून टेबलावर फिरताना मी माझ्या देशात पाहिलीय. इथे ना फलक लागला, ना फोटो निघाला. काकांच्या बहिणीला मी हाडाच्या गाठीबद्दल सांगितलं, तर तिनं केवड्याच्या पातींची जाड चटई विणली आणि वर एक छोटं कडं, थेट आपल्या हंड्याखालच्या चुंबळीसारखं. गाठ त्या कड्याच्या पोकळीत राहील, भार भोवती जाईल. मऊ पॅडनं मला जे जमलं नव्हतं ते तिनं अर्ध्या तासात केलं.

२५ तारखेला दुपारी मी पाहुण्यांच्या बाजूला, डोक्यावर फुलांची माळ घालून बसले होते. पाहुण्यांना आधी जेवायला वाढतात. भात, मासे, विलायती फणस, डुक्कर, आणि खास दिवसाचं म्हणून बाब्वाई, खड्ड्यात वाढवलेला मोठा अळूचा कंद. म्हाताऱ्यांची भाषणं चालू होती, प्रत्येकाचा शेवट 'ते मौरी, ते राओई आओ ते ताबोमोआ' असा, म्हणजे आरोग्य, शांती आणि भरभराट. काका काठी टेकत प्लायवूडवरून आले. दोन मुलगे मागे, हात न लावता. पागोळ्यांखाली वाकले, खांबाजवळ गेले, बसले, आणि सॉकेटमधून हवा सुटल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. मांडी बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी मान वळवून पाहिलंही नाही. भाषण चालूच राहिलं. गावानं त्यांना जणू कधी उठलेच नव्हते असं आत घेतलं.

दोन तास झाले. मी लांबून मनगटाकडे बोट दाखवलं. त्यांनी भुवया वर केल्या. तिथे भुवया वर करणं म्हणजे हो. पण पाय काही काढला नाही. पुन्हा तासाभरानं तेच. आता उठून, वाकून, सगळ्या म्हाताऱ्यांसमोरून जाऊन त्यांचा पाय काढायला लावायचा? मी बसून राहिले. संध्याकाळी नाच सुरू झाला. 'ते बीनो' हा बसून करायचा नाच: आडवे पसरलेले हात, मानेचे झटके, बोटांची थरथर. काका त्यात होते. बायका उठून नाचणाऱ्यांच्या मानेला पावडर लावत होत्या, अत्तर फवारत होत्या. मग पाहुण्यांना ट्विस्टला ओढतात, मलाही ओढलं. दहाला मी निघाले तेव्हाही ते खांबाजवळच होते. पाय घालून नऊ तास झाले होते.

२७ तारखेला त्यांच्या घरी गेले. बुइयावर, म्हणजे उंचावलेल्या मचाणावर, ते पडले होते, पाय शेजारी कापडात गुंडाळलेला. गाठीवर रुपयाएवढा फोड फुटलेला. नाचताना चुंबळ सरकली होती आणि त्यांना दुखलं काहीच नव्हतं, कारण तिथली संवेदना गेलेलीच आहे. कातडी बघायचं काम मी त्यांच्यावरच सोपवलं, ज्यांना दुखत नाही त्यांच्यावर. बहीण अर्ध्या तासात चुंबळ विणू शकते, तर दर तासाला बोट फिरवून बघू शकली नसती का? तिला सांगायचं मला सुचलं नाही. ही चूक माझी, आणि ती नियमाच्या पुस्तकात पहिल्या पानावर असते.

शेजारच्या घरातली नर्स सुट्टी असून रोज ड्रेसिंग करत होती. मी रागावले काकांवर. ते ऐकून घेत राहिले, मग म्हणाले, "नेई, पुढचा पायही असाच कर."

केंद्रातली माझी सहकारी, जी आता तिथे पाय बनवते, तिनं वेगळंच सांगितलं. ती त्या दिवशी पलीकडच्या बाजूला बसली होती. म्हणाली, "पाय दिलास ते बरोबर. पण तू सारखं घड्याळ दाखवत होतीस, ते सगळ्यांनी पाहिलं. ते कसा काढणार होते?"

जानेवारीच्या मध्यावर मी परतले तेव्हा जखम भरत आली होती, पूर्ण भरली नव्हती. सहा महिने येऊन जाणाऱ्या माझ्यासारख्यांचा हा दोष आहे, जखमा आमच्या तारखांप्रमाणे भरत नाहीत. सूज उतरली होती, म्हणून नव्या सॉकेटचा मोल्ड मी निघण्याआधी घेऊन ठेवला. गाठीवर प्लास्टर चढवून जागा वाढवली. मागच्या बाजूला पेन्सिल टेकवली आणि थांबले. शेवटी दोन रेघा मारल्या, एक चालण्याची आणि तिच्याखाली बारा मिलिमीटरवर बसण्याची, आणि मोल्ड त्या सहकारीच्या टेबलावर ठेवला. तिनं कुठल्या रेघेवर कापलं, हे मी अजून विचारलेलं नाही.