ज्युरीच्या खोलीत मला मत नसतं

गुरुवार, रात्री

आज कला अनुदानाच्या निकालाची पत्रं गेली. सकाळी सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये एकदमच पडतात, आणि पाठोपाठ माझा फोन सुरू होतो. ज्यांना अनुदान मिळालं ते एका ओळीचं 'मेर्सी', म्हणजे फ्रेंचमधलं धन्यवाद, पाठवून मोकळे. फोन येतात ते न मिळालेल्यांचे. त्यात गैर काही नाही, माझ्या पगारात ते धरलेलंच आहे.

मी द्वैभाषिक अनुदान अधिकारी. म्हणजे इंग्रजी फॉर्म फ्रेंचमध्ये करून देणारी बाई, असं बऱ्याच जणांना वाटतं. इथे टोरोंटोत गणपतीच्या जेवणात एका काकांनी "म्हणजे ट्रान्सलेटर ना?" म्हणून विषयच मिटवला होता. फॉर्म दोन्ही भाषांत आधीपासून तयार असतात हो. ऑन्टारिओत राहून फ्रेंचमध्ये नाटकं, गाणी, कविता करणाऱ्यांच्या मागे लागून त्यांच्याकडून वेळेत अर्ज भरून घेणं, हे माझं काम. आणि मुदत संपली की तोंड बंद ठेवणं.

दुसरं जास्त जड जातं. परीक्षक असतात ते कलाकारच, दर फेरीला वेगळे. मी सगळे अर्ज वाचलेले असतात, एखाद्याची तालीम पाहिलेली असते. पण ज्युरीच्या दिवशी माझ्याकडे घड्याळ, नियमांची प्रत आणि टिपणं, एवढंच. कुणी "जरा जुनाट वाटतंय" म्हणालं की जिभेवर येतं, अहो, एकदा प्रयोग बघा! गिळून टाकते. आणि ते तसंच असायला हवं, हेही मनापासून पटतं. सरकारी पैसा कुठल्या कलाकाराला द्यायचा हे मंत्र्याने ठरवू नये, या तत्त्वावर १९५७ साली कॅनडा कौन्सिल उभी राहिली. प्रांतांची कला मंडळंही त्याच रीतीने चालतात. मंत्र्याने ठरवायचं नाही, मग माझ्यासारख्या नोकरदार बाईने तरी का ठरवावं?

फ्रेंच ज्युरी जमवणं मात्र महाकर्मकठीण. या प्रांतात फ्रेंच भाषक सहा लाखांच्या आसपास, आणि त्यातले नाटकवाले म्हणजे सगळे एकमेकांना ओळखून. याने त्याचं नेपथ्य केलेलं, तिचं त्याच्याशी लग्न होऊन मोडलेलं. संबंध निघाला की परीक्षकाने त्या अर्जापुरतं बाहेर जायचं असतं. या खेपेला एका अर्जाच्या वेळी निम्मी ज्युरी बाहेर कॉफी पीत उभी होती.

मी मूळची बेळगावची. इथल्या फ्रेंच लोकांना पहिला प्रश्न हमखास येतो, "तुम्ही क्वेबेकचे का?" क्वेबेक म्हणजे शेजारचा फ्रेंच प्रांत. त्या प्रश्नावर त्यांच्या कपाळावर उठणारी आठी मला चांगली ओळखीची आहे. नाही हो, इथलेच. डेट्रॉइट नदीच्या कॅनडाकडच्या काठावर १७४९ पासून फ्रेंच शेतकरी वस्ती करून आहेत, तेव्हा ऑन्टारिओ नावाचा प्रांतही नव्हता. पुढे १९१२ साली याच प्रांताने 'नियम १७' काढला आणि पहिली दोन वर्षं सोडून शाळेतलं फ्रेंच माध्यम बंद केलं. १९१६ च्या जानेवारीत ओटावाच्या गीग शाळेत दोन देलॉज भगिनी शिकवत राहिल्या, आणि त्यांना बाहेर काढू नये म्हणून मुलांच्या आया टोपीच्या लांब पिना घेऊन दारात उभ्या राहिल्या. नियम १९२७ पर्यंत टिकला. उत्तर ऑन्टारिओतल्या सडबरीत १९७१ च्या सुमारास तरुण पोरांनी नाटक कंपनी काढली, १९७३ ला प्रकाशन संस्था, १९७५ ला इथल्या फ्रेंच भाषकांचा हिरवा-पांढरा झेंडा फडकवला, ते या पार्श्वभूमीवर. फ्रेंचसाठी वेगळी खिडकी कशाला, असं ऑफिसातल्या कुणी जेवताना सहज विचारलं की मी त्या पिनांची गोष्ट सांगते. जेवण जरा लांबतं.

अलीकडे अर्जांचे चेहरे बदललेत. आफ्रिकेतल्या किन्शासा, अबिजानहून, हैतीतल्या पोर्तो-प्रँसहून आलेले नर्तक, कथेकरी. त्यांची फ्रेंच माझ्या रानडे इन्स्टिट्यूटमधल्या फ्रेंचपेक्षा कितीतरी ऐटदार, पण 'कलात्मक वाटचालीचं निवेदन' म्हटलं की तेही गारठतात. बोलून दाखवा म्हटलं की सुंदर बोलतात. लेखी निवेदनाऐवजी सरसकट ध्वनिमुद्रण घ्यावं, या मताची मी आहे. मीटिंगमध्ये हे इतक्यांदा बोलून झालंय की आता मी तोंड उघडलं की लोक आधीच मान डोलावतात.

आजचा एक फोन. हर्स्टजवळच्या एक बाई, बाहुल्यांचे खेळ करतात. हर्स्ट म्हणजे टोरोंटोहून नऊशे किलोमीटरच्या वर, हायवे ११ वरचं लाकूड गिरण्यांचं गाव, बहुतेक सगळं फ्रेंच. अर्ज भरताना त्यांनी बजेट पाठवलं होतं तेव्हा सगळं चोख होतं. अकॉर्डियनवाल्याचे पैसे, हॉलचं भाडं, पेट्रोल, बर्फामुळे अडकलो तर मोटेलची एक जादा रात्र. आणि स्वतःचं मानधन, शून्य. का, तर "मी काय, घरचीच." असले शून्य मला जवळजवळ प्रत्येक फेरीत भेटतात, आणि बायकांच्या अर्जांत जास्त. बाहुल्यांची डोकी कोरायला किती आठवडे लागतात, एवढंच मी विचारलं. पलीकडे बराच वेळ आकडेमोड चालली असावी. दुसऱ्या दिवशी सुधारलेलं बजेट आलं, मानधनासकट.

अनुदान नाही मिळालं. ज्युरीला खेळाची कल्पना आवडली होती, पण सोबतच्या व्हिडिओत अंधार इतका की बाहुल्या कमी आणि पडदाच जास्त दिसत होता. गुण तिथे गेले. परीक्षकांचा हा शेरा मला सांगता येतो, तो सांगितला. बाई चिडतील, निदान रडवेल्या होतील अशी तयारी ठेवून बसले होते. त्यांनी "हां, तो माझ्या भाच्याने फोनवर काढला" म्हणून हसण्यावारी नेलं आणि पुढच्या फेरीची तारीख विचारली. मार्चच्या सुट्टीत शाळेचा हॉल रिकामा असतो, तिथे दिवे चांगले आहेत, तेव्हा पुन्हा चित्रण करतील म्हणाल्या.

मग जरा थांबून, "माझ्या मानधनाचा आकडा काढून टाकू का? एकूण कमी दिसेल."

अजिबात नको, म्हटलं. तो राहू दे, पेट्रोलचा तेवढा बदला, गेल्या वर्षीच्या भावाने लावलाय.