एकट्या माणसाची फ्रेम : चार स्पर्धांनंतरची नोंद

धुक्यातल्या पुलावरच्या माणसाचा फोटो यंदा स्पर्धांना पाठवणार, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. पाठवला. पहिल्या तीन स्पर्धांत बाहेर पडला, चौथीत घेतला गेला. सकाळ तीच, माणूस तोच, धुकंही तेच. मधल्या काळात मी फ्रेम बदलली, क्रॉप (कडा कापणं) बदलला आणि एडिटिंग जवळजवळ पुसून पुन्हा केलं. एकट्या आकृतीचे फोटो काढणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून काय केलं ते सविस्तर लिहिते.

त्या सकाळी एकूण ६१ फ्रेम मिळाल्या होत्या. छत्री घेतलेला एक माणूस पूल ओलांडतोय, उजवीकडून डावीकडे, चालण्याच्या ठरावीक लयीत. पहिल्यांदा मी २२ नंबरची फ्रेम निवडली, कारण तिच्यात धुक्याचा पदर सगळ्यात सुंदर होता. मॉनिटरवर पूर्ण आकारात पाहताना अजूनही ती मला आवडते. पण तिच्यात माणसाचे दोन्ही पाय एकमेकांवर आले आहेत आणि छत्री सरळ उभी आहे. पुलाच्या कठड्याला ठरावीक अंतरावर खांब आहेत. लहान आकारात पाहिलं की माणूस त्या खांबांतलाच एक वाटतो.

हे मला तिसऱ्या नकारापर्यंत दिसलंच नाही, कारण मी फोटो निवडत होते ६००० बाय ४००० पिक्सेलवर आणि परीक्षक बघत होते १०८० पिक्सेल उंचीवर. हिशेब मांडला तेव्हा डोळे उघडले. मूळ फाइलमध्ये माणूस २०० पिक्सेल उंच. ३:२ चा आडवा फोटो स्पर्धेच्या १९२० बाय १०८० च्या मर्यादेत बसवला की १६२० बाय १०८० होतो आणि माणूस उरतो ५४ पिक्सेलचा. दुसऱ्या एखाद्या फ्रेममध्ये पावलांत १४ पिक्सेलची फट असली, तर तीही चारहून कमी. म्हणजे मोठ्या आकारात मला दिसणारा बारीक तपशील परीक्षकांपर्यंत पोचतच नव्हता. (उभ्या फोटोचं तर आणखी कठीण. त्याच मर्यादेत तो ७२० बाय १०८० होतो. एकटा माणूस आणि मोठं आकाश अशी उभी फ्रेम पाठवणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं.)

आता मी क्रमच उलटा केला आहे. आधी सगळ्या फ्रेम स्पर्धेच्या आकारात लहान करायच्या, त्यांचा रंग काढून टाकायचा आणि मग निवडायला बसायचं. डोळे किलकिले करून बघते. माणूस माणूस म्हणून ओळखू येतो का, चालतोय हे कळतं का, एवढंच विचारते. या चाळणीतून ६१ पैकी ५ फ्रेम राहिल्या. ३१ नंबरची जवळजवळ नक्की केली होती, पण कठड्याची वरची रेघ बरोबर मानेतून जात होती. मान अशी कापली गेली की आकृतीचे दोन तुकडे होतात आणि एडिटिंगमध्ये त्यावर खरा उपाय नाही. तो फोटो काढतानाच चार बोटं खाली वाकायला हवं होतं. शेवटी ३७ नंबर निवडली. पाऊल पूर्ण पडलेलं, मागची टाच उचललेली, छत्री पुढे कललेली, डोकं रेघेच्या वर मोकळ्या धुक्यात. धुकं २२ इतकं देखणं नाही. तरीही हीच फ्रेम बरोबर, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही.

एवढीशी फट किती मोलाची असते ते पाहायचं असेल तर फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ चा पॅरिसमधला फोटो पुन्हा एकदा बघा. सां-लाझार स्थानकामागे साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस. त्याची टाच आणि पाण्यातलं तिचं प्रतिबिंब यांच्यात एक बारीक जागा उरली आहे, आणि सगळा फोटो त्या जागेवर उभा आहे. टाच पाण्याला लागली असती तर उरला असता पाण्यातून चालणारा माणूस. शिवाय क्रॉपच्या विरोधात असलेल्या या छायाचित्रकाराने हा फोटो मात्र क्रॉप केला होता, कारण कुंपणाच्या फळीचा भाग फ्रेममध्ये आला होता. माझ्या पुढच्या अडचणीत मला याचा धीर वाटला.

अडचण अशी, की ३७ नंबरमध्ये माझा माणूस एकटा नव्हता. डाव्या कडेला, खूप लांब, धुक्यात अर्धवट विरलेली आणखी एक आकृती होती. क्लोन करून, म्हणजे शेजारचं धुकं तिच्यावर उतरवून, काढायला दहा सेकंद लागली असती. स्पर्धेचा विभाग प्रवास-छायाचित्रणाचा होता. पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) या संस्थेच्या नियमांत या विभागात फोटोत काही घालणं, हलवणं, बदलणं किंवा काढणं चालत नाही. क्रॉप चालतो, सेन्सरवरची धूळ किंवा नॉइज काढणं चालतं, पूर्ण कृष्णधवल करणंही चालतं. खुल्या विभागात ती आकृती पुसून फोटो पाठवता आला असता. तसं मी केलं नाही. ज्या फोटोचा सगळा विषयच एकटेपणा आहे, त्यात दुसऱ्या माणसाला पुसून एकटेपणा आणायचा हे मला पटत नाही. ही माझी भूमिका; कल्पनाचित्र म्हणूनच फोटो मांडणाऱ्यांचा रस्ता वेगळा आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही.

वृत्तछायाचित्रणात तर हे फार कडक असतं. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेने एका विजेत्याचं बक्षीस काढून घेतलं, कारण एका फोटोतून कोणाच्या तरी पायाचा एवढासा तुकडा पुसला होता. २०१५ मध्ये त्याच स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के फोटो मूळ फाइल तपासल्यावर बाद झाले. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, संस्कार न झालेली) हौशी स्पर्धांतही मागतात, तेव्हा ती जपून ठेवा.

मी डावीकडून ९०० पिक्सेल कापले. भीती होती की माणूस डावीकडे चालतोय, त्याच्यापुढची जागाच गेली तर तो भिंतीकडे चालल्यासारखा दिसेल. पण तो डाव्या कडेपासून ४१०० वर होता. कापल्यावरही पुढे ३२०० उरले आणि मागे १९००. चालायला वाट आहे. ३:२ राखण्यासाठी खालून ६०० पिक्सेल काढले, तिथे नुसता करडा रस्ता होता. याचा एक फायदा मी आधी धरलाच नव्हता : ५१०० बाय ३४०० वरून लहान केल्यावर माणूस ५४ ऐवजी ६४ पिक्सेलचा झाला. ऐकायला दहाच पिक्सेल, पण छत्रीची काडी पहिल्यांदा दिसली ती इथे.

एडिटिंगमध्ये माझी सगळ्यात मोठी चूक होती डीहेझ, म्हणजे धुकं कमी करणारी पट्टी. पहिल्या आवृत्तीत माणूस उठून दिसावा म्हणून डीहेझ आणि क्लॅरिटी (कडांचा उठाव) दोन्ही वाढवले होते. धुकं मळकट झालं आणि माणसाभोवती पांढरी कड आली. आता धुक्याला हात लावत नाही. माणसावर एक मास्क (तेवढ्याच भागापुरती निवड), त्यात एक्सपोजर ०.४ स्टॉप (उजेडाचं माप) खाली. त्याच्या मागच्या धुक्यावर दुसरा, मोठा आणि खूप मऊ कडेचा, ०.२ स्टॉप वर. दोन्ही मिळून अर्ध्या स्टॉपहून थोडा जास्त फरक पडतो आणि तेवढा पुरतो. मास्क चालू-बंद करून बघितल्याशिवाय मलाही तो कळत नाही, आणि तसंच हवं.

छत्री लाल होती. बाकी सगळं कृष्णधवल आणि छत्री तेवढी लाल, हा मोह झाला. पण फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्रकला महासंघाच्या व्याख्येत असा फोटो मोनोक्रोम राहत नाही, रंगीत धरला जातो. पूर्ण फोटोला एकच रंगछटा दिली तर मात्र तो मोनोक्रोमच. मी पूर्ण कृष्णधवल केला आणि रूपांतर करताना लाल रंगाची पट्टी खाली ओढली. छत्री गडद झाली, फिकट धुक्यावर तिची कड स्वच्छ उमटली. माझ्या मते लाल ठेवण्यापेक्षा हे कितीतरी भारी दिसतं.

मग धुक्यात दिसणारे पट्टे. धुक्याचा उतार इतका मंद असतो की आठ बिटच्या जेपेगमधल्या उजेडाच्या २५६ पायऱ्यांपैकी त्याच्या वाट्याला फार थोड्या येतात. माझ्या फोटोत डावीकडून उजवीकडे साधारण ४० आल्या. १६२० पिक्सेल रुंदीत ४० पायऱ्या म्हणजे प्रत्येक पायरी ४० पिक्सेलची, आणि मोठ्या पडद्यावर ती रुंद पट्ट्यासारखी दिसते. सगळं काम १६ बिटमध्ये केलं आणि लहान केल्यानंतर, जेपेग करण्याआधी, अगदी बारीक ग्रेन (दाणेदारपणा) टाकला. पट्टे मोडले. एफ ११ या लहान छिद्रावर सेन्सरच्या धुळीचे ठिपकेही नऊ सापडले, रिकाम्या धुक्यात एकही लपत नाही. शार्पनिंग लहान केल्यानंतरच, तेही फक्त माणूस आणि कठडा यांवर. धुक्याला शार्पनिंग लागलं की टाकलेला ग्रेन वाळूसारखा टोचतो. बाकी नेहमीचंच : एसआरजीबी रंगपद्धत, फोटोवर नाव नाही, वॉटरमार्क नाही.

पहिल्या तिन्ही स्पर्धांत तीन परीक्षकांचे मिळून १५ पैकी ८, ८ आणि ९ गुण पडले होते. चौथीत १२ पडले. निकालाची यादी मी तीनदा उघडून पाहिली.

आता प्रिंट विभागासाठी हाच फोटो तयार करतेय, आणि तिथे वेगळंच दुखणं निघालं. पहिल्या चाचणी प्रिंटमध्ये, मॅट कागदावर, माणूस आणि छत्री मिळून एकच काळा गठ्ठा झाला. पडद्यावर कोट आणि छत्रीत जो फरक दिसतो तो कागदाच्या काळ्यात बुडून जातो. माणसावरचा मास्क ०.४ वरून ०.१५ वर आणून दुसरी चाचणी काढली आहे. उद्या दिवसाच्या उजेडात खिडकीशी धरून बघेन. कुणी मॅट कागदावर धुक्यातली छायाकृती छापली असेल, तर सावल्या किती उचलल्या ते जरूर सांगा.