ओस वाड्यात शिरण्याआधी छप्पर वरून पाहताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ओस वाड्याची ड्रोनने पाहणी केली, त्यात उडवण्यापेक्षा आधीच्या तयारीलाच जास्त वेळ गेला. पहिल्यांदा उतारा काढून वारसांची लेखी संमती घेतली. भाऊबंदकीच्या वाड्यात तोंडी होकारावर जाऊ नये. मग ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणारा सरकारचा डिजिटल स्काय नकाशा पाहिला. चालू विमानतळाच्या, म्हणजे इथं बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या, हद्दीपासून ५ ते ८ किमीत जमिनीपासूनच परवानगी लागते, ८ ते १२ किमीत २०० फुटांच्या वर. नकाशावरच्या बाकी हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. भीमगड अभयारण्याकडे मात्र वनखात्याला विचारल्याशिवाय ड्रोन पेटीतून काढूच नये.

उडवण्याआधी भिंती आणि झाडं दुर्बिणीनं न्याहाळली. आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी काम बंद. परतीची उंची, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोन आपोआप परतताना धरतो ती, सर्वांत उंच झाडापेक्षा १० मीटर जास्त ठेवली. ती कमी राहिली की ड्रोन थेट फांद्यांत जातो. चौकात उतरवायचं टाळलं, कारण चारी बाजूंच्या भिंतींमुळे उपग्रहांचा सिग्नल कमी होतो आणि ड्रोन भिंतीकडे सरकतो.

३० मीटरवरून १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात फोटोतला एक ठिपका छपरावरच्या साधारण १ सेंटिमीटरएवढा पडतो. एवढ्यात फुटकं कौल ओळखता येतं. फोटो एकमेकांवर ८० टक्के, उड्डाणाच्या शेजारच्या ओळी ७० टक्के चढत्या घेतल्या. म्हणजे दर ६ मीटरला फोटो, १२ मीटरवर पुढची ओळ. नंतर कॅमेरा ४५ अंशांत करून चारी बाजूंनी एकेक फेरी. पातळ ढग असतील तर उत्तम. भर उन्हात वळचणीखालचं सगळं काळं पडतं.

खरं काम पुढे, फोटो वाचण्याचं. निसटलेलं एखादं कौल फारसं घाबरवत नाही. आढ्याची रेघ मध्येच पोटात गेली असेल तर खालची तुळई वाकली किंवा कुजली समजावं. दोन छपरांच्या सांध्यातली पन्हळ पानांनी तुंबली की खानापूरच्या पावसात पाणी उलटून वाशांत शिरतं. जांभ्याच्या भिंतीच्या माथ्यावर पिंपळाचं रोप दिसलं, तर मुळं सांध्यांत उतरलीत आणि भिंत बाहेर फुगत असणार. मंगळुरी कौलांनी कालखंडही कळतो: बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा मंगळुरातला कारखाना १८६५ चा, म्हणजे तसलं छप्पर त्यानंतरचंच.

या वाड्यात परड्याकडची पन्हळ तुंबलेली आणि तिथलंच आढं बसलेलं निघालं. मागच्या दाराचा विचार सोडला आणि पुढच्या सोप्यातून, भिंतीला धरून, माजघराच्या उंबऱ्यापर्यंतच गेलो.